कासवाच्या पिल्लाचा हिवाळी टब : सोलापूरच्या घरात तो कोणत्या क्रमाने लावायचा

दिवाळी आटोपली की ओळखीपाळखीतून मला फोन यायला लागतात. पिल्लू खात नाही, पिल्लाचे डोळे सुजलेत, पिल्लू एका अंगावर तरंगतंय. मी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारते, पहाटे पाणी किती अंशांवर असतं? उत्तर बहुतेक वेळा असं येतं : "बल्ब लावलाय की वर."

सोलापूरची थंडी फसवी आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा ३० च्या आसपास असतो, स्वेटर अंगावर ठेववत नाही. पहाटे तोच पारा १५-१६ वर येतो, थंडीची लाट आली की त्याच्याही खाली जातो. आपण चादर डोक्यावरून ओढून घेतो आणि झोपतो. कासवाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. पाणी जेवढं, तेवढंच त्याचं अंग. दुपारच्या उबेत खाल्लेलं रात्रीच्या गारव्यात पचायचं थांबतं आणि पोटात पडून राहतं. रोज असं होत राहिलं की आठ-पंधरा दिवसांत पिल्लू खाणं सोडतं, मग न्यूमोनिया होतो.

"हिवाळ्यात कासवं झोपतात, झोपू द्या" हा सल्ला पहिल्या वर्षाच्या पिल्लासाठी साफ चुकीचा आहे. सलग अनेक आठवडे गारवा मिळाला तर मोठं, धष्टपुष्ट कासव शीतनिद्रेत जाऊ शकतं. आपल्याकडे रात्री गार आणि दुपारी उबदार. त्यात पिल्लू धड झोपतही नाही आणि धड जगतही नाही.

लोकांचं सामान सहसा बरोबर असतं, चुकतो तो क्रम. पिल्लू आधी येतं, टब नंतर, हीटर त्याही नंतर आणि थर्मामीटर येतच नाही. खाली तोच क्रम उलटा करून लिहिला आहे. हे सगळं ३ ते ७ सेंटीमीटर पाठीच्या रेड इअर्ड स्लायडर पिल्लासाठी आहे, कारण दुकानांत 'पाण्यातलं कासव' म्हणून मिळतं ते बहुधा हेच असतं.

टप्पा १ : पिल्लू कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा

डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवी पाठ, पिवळ्या पोटावर गडद ठिपके, हा रेड इअर्ड स्लायडर. मूळचा अमेरिकेतला.

पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील, किंवा पाठ मऊ कातड्यासारखी आणि नाक नळीसारखं पुढे आलेलं असेल, तर ते आपल्याकडचं कासव आहे. भारतीय कासवं घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शेतात सापडलं, ओढ्यात मिळालं, मुलांनी आणलं, यांतली कुठलीच सबब चालत नाही. वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत हवा खेळती असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चांदण्यांचं कासव जमिनीवरचं आहे. त्याला पाण्याच्या टबात टाकलं तर ते बुडून मरतं.

टप्पा २ : सामान आणा, थर्मामीटर सगळ्यात आधी

- प्रोब (वायरच्या टोकाचा, तापमान मोजणारा भाग) असलेले २ डिजिटल थर्मामीटर (एक पाण्यात, एक सुक्या जागेवर). रात्रीचं सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवणारा मिळाला तर तोच घ्या.
- सुमारे ६० × ४० सेंमी तळाचा, ३५ ते ४० सेंमी उंचीचा काचेचा टँक किंवा जाड प्लास्टिकचा क्रेट.
- थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारा भाग) असलेले ५० वॉटचे २ पाण्यातले हीटर, प्लास्टिकच्या जाळीदार कव्हरसह.
- तारेचा जुना पिवळा बल्ब, ४० वॉट, आणि चिनी मातीचा होल्डर.
- सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी (उन्हातली अतिनील किरणं) देणारी ट्यूब, ५ किंवा ६ टक्क्यांची.
- स्पंज फिल्टर आणि एअर पंप.
- टायमर, थर्माकोलची इंचभर जाड शीट, तारेची जाळी, क्लोरीन घालवणारे थेंब.

बल्बच्या बाबतीत सगळीकडे एकच घोळ होतो. दुकानदार एलईडी देतो, घरचे "उजेड तर पडतोय" म्हणून तो लावतात. एलईडी उजेड देतो, पिल्लाच्या पाठीला लागणारी ऊब देत नाही. पिवळा बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाला नाही तर कोंबड्यांच्या पिल्लांचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. तिथे तो अजूनही लागतो.

५० वॉटचे दोन हीटर घ्या, १०० चा एक घेऊ नका. यात मी कुणाचं ऐकत नाही. हीटर बिघडतो तो दोन तऱ्हांनी : एकतर बंद पडतो, नाहीतर चालूच राहतो. एकटा १०० वॉटचा चालूच राहिला तर एवढ्याशा पाण्यात पिल्लू शिजेल. दोन छोट्यांपैकी एक अडकला तर पाणी हळू तापतं आणि तुम्हाला कळायला वेळ मिळतो. एक मेला तर दुसरा रात्र काढून देतो.

तपासा : दोन्ही थर्मामीटरचे प्रोब बर्फ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं धरा. आकडा ० च्या जवळ हवा. दोन अंशांहून जास्त फरक असेल तर तो थर्मामीटर परत करा, कारण पुढचं सगळं त्याच्या भरवशावर आहे.

टप्पा ३ : घरातली जागा ठरवा

आतल्या भिंतीशी लागून, खिडकी आणि बाहेरच्या दारापासून लांब, मजबूत टेबलावर. जमिनीवर नको. सोलापुरातल्या किती घरांत अजून शहाबादी फरशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. पहाटे अनवाणी चालून बघा, तळव्याला कळेल टबाखालून ऊब कुठे जाते ते. जमिनीवरच ठेवायची वेळ आली तर खाली थर्माकोलचे दोन थर घाला.

स्वयंपाकघर नको, कारण फोडणीचा धूर आणि हात धुण्याचा प्रश्न. देवघराशेजारी नको, उदबत्ती आणि धुपाचा धूर नको. डासांची कॉइल ज्या खोलीत लागते ती खोली तर मुळीच नको. पिल्लाचं फुप्फुस नाजूक असतं, थंडीत खिडक्या बंद असतात, धूर कोंडून राहतो.

खिडकीतलं 'छान ऊन' टाळा. काचेच्या टँकवर दुपारचं ऊन पडलं की पाणी तासाभरात तापतं. उलट काचेतून यूव्हीबी आत येत नाही, म्हणजे तोटा आहे आणि फायदा काहीच नाही.

टप्पा ४ : टब आणि उबेचं आवरण

टबाखाली आणि तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावा. पुढची बाजू बघायला मोकळी ठेवा. थर्माकोल टबाच्या आत कधीही नको. पिल्लू त्याचे दाणे तोडून खातं आणि आतडं तुंबतं.

तळाला काही घालू नका. रंगीत खडी, शिंपले, वाळू यातलं काही नको. पिल्लाच्या तोंडात मावेल असा प्रत्येक खडा आज ना उद्या पोटात जातो. उघडा तळ दिसायला ओका वाटतो पण त्यावरची घाण लगेच दिसते आणि काढताही येते.

वरच्या बाजूचं कुणी मनावर घेत नाही. पाणी २७ अंश आणि वरची हवा १६, असं झालं की पिल्लू नाक वर काढून प्रत्येक श्वासाला गार हवा घेतं. म्हणून टबाचा दोन तृतीयांश भाग अॅक्रिलिकच्या शीटने झाका आणि बल्बाखालचा उरलेला भाग जाळीने. शीट घट्ट बसवू नका, बोटभर फट राहू द्या, नाहीतर बुरशी धरते.

टप्पा ५ : पाणी

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे घरात पाणी साठवलेलं असतं आणि या एका कामात त्याचा उपयोगच होतो : दोन-तीन दिवस उघड्या पिंपात राहिलेल्या पाण्यातला साधा क्लोरीन उडून जातो. पाणी आजच आलेलं असेल तर थेंब घाला. तुरटी फिरवलेलं किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेलं टँकरचं पाणी घेऊ नका. बोअरचं जड पाणी पिल्लाला चालतं, फक्त हीटरवर पांढरा थर लवकर चढतो.

किती पाणी? लांबी × रुंदी × खोली सेंमीत घ्या आणि १००० ने भागा, लिटर मिळतात. ६० × ४० च्या टबात १५ सेंमी पाणी म्हणजे ३६ लिटर. पाठीच्या लांबीपेक्षा कमी पाणी कधीच नको. पिल्लू उलटं पडलं तर सुलटं व्हायला त्याला पाणी लागतं, उथळ पाण्यात उलटं पडलेलं पिल्लू तसंच राहतं आणि बुडतं. नव्या किंवा अशक्त पिल्लाला पहिले चार दिवस ८-१० सेंमी द्या, मग वाढवा. हीटर मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण बुडालेले हवेत.

स्पंज फिल्टर आत्ताच सुरू करा. घाण पचवणारे जिवाणू स्पंजात वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर पाणी बदलणं हाच खरा फिल्टर.

टप्पा ६ : हीटर

दोन्ही हीटर आडवे, तळापासून दोन-तीन सेंमी वर, टबाच्या दोन टोकांना लावा. कव्हर घातलेलंच हवं. पिल्लू ऊब शोधत उघड्या हीटरला चिकटून बसतं आणि पोटाला भाजतं. प्लास्टिकच्या टबात हीटर कुठेही भिंतीला टेकता कामा नये.

हीटर आणि भिंत यांच्यामधली फट नीट बघा. तिथून पिल्लू एकतर सहज आरपार जायला हवं, किंवा त्याचं डोकंसुद्धा शिरता कामा नये. मधल्या मापाच्या फटीत पिल्लू अडकतं, श्वासाला वर येता येत नाही आणि मरतं. कासव पाण्यात राहतं म्हणून ते बुडत नाही असं अनेकांना वाटतं. ते बुडतं.

पाण्यात बुडवून १५-२० मिनिटं थांबा, मग प्लग लावा. दोन्ही २७ अंशांवर ठेवा. दोन मिळून ३६ लिटर पाणी तासाला दोन अंशांच्या आसपास चढवतात. २० अंशांचं पाणी २७ वर यायला तीन-चार तास लागतील, म्हणून अर्ध्या तासाने कंटाळून बटण पुढे सरकवू नका.

प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे. म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळावरून खाली टपकतं, बोर्डात जात नाही. घराच्या मेन बोर्डात आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच तोडणारा स्विच) नसेल तर वायरमनला बोलावून आधी ते बसवून घ्या.

सावधान : आंघोळीचं पाणी तापवायची रॉड टबात घालू नका, 'दोनच मिनिटं' म्हणूनही नाही. त्यात पिल्लूही जातं आणि हात घालणारा माणूसही.

टप्पा ७ : सुकी जागा, बल्ब आणि यूव्हीबी

पिल्लाला पूर्ण कोरडं होऊन तापता येईल अशी जागा हवी. ओलसर, अर्धी पाण्यात असलेली नको. मी शहाबादीचा तुकडा वापरते, वीत-दीड वीत लांब, कडा घासून घेतलेला, दोन विटांवर ठेवलेला. दगड ऊब धरून ठेवतो, खरखरीत असल्यामुळे नखं रुततात आणि फरशीवाल्याकडे तुकडा कुणीही देतं. गुळगुळीत टाइल घेऊ नका, पिल्लू घसरतं आणि दोन दिवसांत वर चढायचं सोडून देतं. दुसरा तुकडा तिरका लावून उतार करा, त्याचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं हवं. विटांमधली पोकळी जाळीने बंद करा, कारण टप्पा ६ मधला फटीचा नियम इथेही लागतो. आणि दगडापासून टबाच्या कडेपर्यंत किमान १५ सेंमी उंची राहू द्या, पिल्लं फार चांगली चढतात.

बल्ब दगडाच्या वर २०-२५ सेंमीवर लावा आणि मग आकडा बघून खाली-वर करा. तासभर चालू ठेवल्यावर दगडावर, पिल्लाची पाठ येईल त्या उंचीला, ३२ ते ३४ अंश हवेत. बल्ब दोन जागी बांधा : एक क्लॅम्प आणि एक साखळी किंवा तार. नुसत्या क्लॅम्पवर भरवसा ठेवू नका, तो केव्हातरी सुटतो आणि खाली पाणी आहे.

यूव्हीबी ट्यूब दगडापासून २५-३० सेंमीवर, मध्ये काच किंवा अॅक्रिलिक नको. ही किरणं नसतील तर पिल्लाला खाण्यातलं कॅल्शियम वापरता येत नाही आणि पाठ मऊ पडते. बोटाने हलकंच दाबून बघा, चपातीच्या कडेसारखी लवली तर उशीर झालेला आहे. ट्यूब उजेड देत राहते पण त्यातलं यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून ती कंपनी सांगेल त्याप्रमाणे ६ ते १२ महिन्यांत बदला. बसवल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करने लिहून ठेवा.

"त्यापेक्षा कोवळ्या उन्हात ठेवते" असं अनेकजणी म्हणतात. कोवळ्या उन्हात यूव्हीबी फारच थोडं असतं, शिवाय सात-आठ वाजता हवा गार असते. ऊन द्यायचं तर दहाच्या पुढे, हवा २५ अंशांच्या वर गेल्यावर, १५-२० मिनिटं, घमेल्यात पाणी घालून, अर्धी सावली ठेवून. वर जाळी लावा आणि तिथून हलू नका. कावळा पिल्लू उचलायला क्षणभरच घेतो.

बल्ब आणि ट्यूब दोन्ही टायमरवर : सकाळी ८ ते संध्याकाळी ७. रात्री पूर्ण अंधार, झीरोचा बल्बसुद्धा नको. रात्रीची ऊब पाण्यातून येते.

टप्पा ८ : पिल्लाशिवाय ४८ तास

हा टप्पा सगळे गाळतात. पिल्लू घरात आलेलं असतं, मुलं टबाभोवती जमलेली असतात, कोण थांबणार? पण पहाटे पाणी किती होतं हे पिल्लू आत टाकून शोधायचं नसतं.

सगळं चालू करा आणि दोन दिवस, दिवसातून तीनदा, कागदावर लिहा. पहाटे साडेपाच, दुपारी तीन, रात्री अकरा.

पाणी तिन्ही वेळा २६ ते २८ मध्ये हवं. दगड दुपारी ३२ ते ३४. पाण्यावरची, बल्बापासून लांबची हवा पहाटे २२ च्या खाली नको.

पहाटे पाणी २६ च्या खाली गेलं तर हीटर वाढवण्याआधी गळती शोधा : झाकण पुरेसं आहे का, थर्माकोल तळाला आहे का, रात्री पंखा चालतो का. (आमच्याकडे थंडीतही पंख्याशिवाय झोप न लागणारी माणसं आहेत. पंख्याचा झोत टबावर असेल तर कुठलाही हीटर पुरत नाही.) दुपारी पाणी २९ च्या वर गेलं तर एकेक हीटर बंद करून बघा, कुठला अडकलाय ते. दगड ३६ च्या पुढे गेला तर बल्ब वर उचला.

सलग दोन पहाटे आकडे बरोबर आले की पुढे जा. न आल्यास आणखी एक दिवस थांबा. पिल्लू आधीच घरात असेल तर तोवर त्याला छोट्या डब्यात, त्याच्याएवढ्या खोल २६ अंशांच्या पाण्यात आणि वर येऊन बसायला चपटा दगड देऊन ठेवा. पाणी दर दोन-तीन तासांनी तपासा. रात्री हा डबा टबातल्या कोमट पाण्यात, दगडाशी टेकवून, तरंगता ठेवला तर तापमान आपोआप राहतं. डब्याच्या झाकणाला भोकं हवीत.

टप्पा ९ : पिल्लू सोडणं

१९ अंशांतून थेट २७ मध्ये टाकू नका. पिल्लू त्याच्याच पाण्यात एका भांड्यात घ्या, दर पाच मिनिटांनी टबातलं एक वाटी पाणी घाला. अर्धा-पाऊण तास लागतो. मग भांडं तिरकं करून त्याला स्वतःहून जाऊ द्या.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका. पहिला आठवडा हात लावू नका. ते दगडाखाली लपेल, पावलं वाजली की पाण्यात उडी मारेल. तसंच व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघा : ते दगडावर चढेल, मान लांब करेल, मागचे दोन्ही पाय ताणून बोटांमधले पडदे पंख्यासारखे उघडेल आणि डोळे मिटेल. दहाच्या नाण्याहून थोडं मोठं अंग, आणि ते पूर्ण सैल सोडलेलं. असं बसलं की समजा तुमचे आकडे बरोबर आहेत.

टप्पा १० : खाणं आणि पाणी बदलणं

बल्ब लागल्यावर दीड-दोन तासांनी, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास, रोज एकदाच. पिल्लाच्या डोक्याएवढे पेलेट (कासवांच्या तयार खाण्याचे दाणे), त्याहून जास्त नको. संध्याकाळी देऊ नका. पाणी २४ च्या खाली असेल त्या दिवशी देऊच नका, आधी हीटर बघा.

भात, ब्रेड, बिस्किट, दूध हे त्याचं खाणं नाही. बाजारातला सुका जवळा खारट असतो आणि नुसत्या वाळवलेल्या कोळंबीवर ठेवलेल्या पिल्लाचे डोळे सुजतात, कारण त्यात अ जीवनसत्त्व पुरेसं नसतं. आठवड्यातून दोनदा किसलेलं गाजर किंवा लेट्यूसचं पान द्या. सुरुवातीला तोंड लावणार नाही, तरी देत राहा. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतो. त्याची पाठीमागची कडक बाजू खरवडून टाका, मऊ भागाचा तुकडा पाण्यात सोडा.

खाऊ घालायला वेगळं भांडं ठेवलं तर टब निम्म्याने कमी घाण होतो. त्या भांड्यातलं पाणीही २७ चंच हवं.

पाणी दर दोन-तीन दिवसांनी पाव ते एक तृतीयांश बदला. क्रम असा : आधी हीटर आणि बल्बचे प्लग काढा, १५-२० मिनिटं थांबा, घाण ओढून काढा, बादलीत पिंपाचं पाणी आणि गरम पाणी मिसळून थर्मामीटरने २७ करा, मग सावकाश ओता. मिसळायचं ते बादलीत, टबात नाही. शेवटी प्लग पुन्हा लावा.

प्लग लावायचं राहतं. माझंही राहिलं होतं, पहिल्याच हिवाळ्यात, एका रविवारी रात्री. सोमवारी सकाळी पाणी १७ अंशांवर होतं आणि पिल्लाच्या नाकाशी मोहरीएवढा एक बुडबुडा, श्वासागणिक फुगणारा आणि बसणारा. ते वाचवायला त्याला तीन आठवडे इंजेक्शनं द्यावी लागली. तेव्हापासून प्लग काढला की मी घराची किल्ली टबाच्या झाकणावर ठेवते. प्लग लावल्याशिवाय किल्ली उचलत नाही.

सावधान : कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने धुवा. टबाचं पाणी मोरीत किंवा संडासात ओता, भांडी घासायच्या सिंकमध्ये कधीच नको. पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नका.

टप्पा ११ : वीज गेली तर

टबाला सोलापुरी चादर बाहेरून गुंडाळा. तिची जाड वीण याला उत्तम आहे. पण त्याआधी बल्बचा प्लग काढा. हा क्रम चुकला तर काय होतं ते मी पाहिलं आहे. रात्री वीज गेली, चादर टबावरून टाकली आणि झोपले. पहाटे कधीतरी वीज आली, आठ वाजता टायमरने बल्ब लागला. मी स्वयंपाकघरात होते, जळका वास आला म्हणून धावले. चादरीवर वाटीएवढा तपकिरी गोल करपला होता, मध्यभागी धागे काळे पडून सुटत होते. पाच मिनिटं उशीर झाला असता तर पडदा पेटला असता.

पाणी पहिल्या तासात फार उतरत नाही. दीड-दोन तासांहून जास्त वेळ गेला तर हात घालता येईल एवढं गरम, म्हणजे ४५ अंशांच्या आतलं पाणी लिटरभर बाटलीत भरा, घट्ट बूच लावा, टबाच्या एका टोकाला उभी करा. पिल्लाला बाटलीपासून लांब जायला जागा हवी. तासाने बदला. इन्व्हर्टर असेल तर त्यावर एअर पंप आणि एक हीटर चालवा, बल्ब सोडून द्या.

वीज आल्यावर : चादर काढा, मग प्लग लावा, मग तापमान बघा.

डॉक्टरांकडे कधी

नाकाशी बुडबुडे. तोंड उघडून श्वास. एका अंगावर तरंगणं. सुजलेले, बंद डोळे. पाणी बरोबर असून चार दिवस खाणं नाही. यातलं एकही दिसलं की त्याच दिवशी न्या. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव नसतो, म्हणून पिल्लू आजारी पडण्याआधीच कोण बघतं ते विचारून ठेवा. जाताना तुमचा तापमानाचा कागद सोबत घ्या. प्रवासाला डब्यात पाणी भरू नका, तळाला ओला मऊ कपडा पुरतो, बाहेरून कोमट पाण्याची बाटली.

माणसांच्या औषधाचे थेंब डोळ्यांत घालू नका, हळद लावू नका, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका.

टप्पा १२ : फेब्रुवारीत आवरताना

संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा उलगडली की दिवस तापायला लागतात आणि लोक घाईने हीटर काढून टाकतात. दिवसाकडे बघू नका, पहाटेकडे बघा. हीटर बंद ठेवूनही पहाटे पाणी सलग आठ दिवस २५ च्या वर राहिलं, तरच ते काढा. आधी एक काढा, आठवड्याने दुसरा. थर्माकोल मात्र फेब्रुवारीच्या मध्यावरच बाजूंनी उतरवा, नाहीतर दुपारी पाणी ३० च्या पुढे जायला लागतं. यूव्हीबी वर्षभर लागतं.

वर्षभरात पिल्लू या टबाला मोठं होईल. मादी २५ सेंमीच्या पुढे वाढते आणि ही कासवं वीस-तीस वर्षं जगतात. नको झालं म्हणून सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात किंवा हिप्परग्याला नेऊन सोडू नका. पुण्य म्हणून तर नाहीच. ही जात परक्या पाण्यात पसरते आणि आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावते. जमत नसेल तर जमवू शकणारं घर शोधा.

काढलेले हीटर रात्रभर व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात ठेवा, फक्त काचेचा भाग, वायरचं टोक बाहेर. सकाळी पांढरा थर जुन्या टूथब्रशने निघतो. धुवा, वाळवा, कागदात गुंडाळून डब्यात घाला आणि डब्यावर खरेदीचं साल लिहा. दोन हिवाळे काढलेल्या हीटरवर तिसऱ्या वर्षी मी पिल्लू सोपवत नाही.